मॅकडारा कुणाचा?

आमच्याकडे लहान मुलाला कुणी नाव विचारत नाही. विचारतात, "कुणाचा रे तू?" मग पोर सांगतं, "मी पीटर शॉनचा मार्टिन." आधी बाप, मग आजा, शेवटी स्वतः. त्याला कारण आहे. एका रस्त्यावर चार मार्टिन निघतात आणि आडनाव निम्म्या गावाचं एकच. पोस्टमनसुद्धा आडनाव बघत नाही. बाप कळला की त्याला घर सापडतं.

मॅकडाराला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा तो आजीचं बोट धरून दुकानात उभा होता. आरन बेटावरचा कुणी म्हातारा पीठ न्यायला आला होता. तो गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकला आणि प्रेमाने म्हणाला, "काय रे गोऱ्या केसांच्या, कुणाचा तू?" आजी एकदम जोरात खोकली आणि दुकानदाराकडे साखर मागू लागली. साखर तर घरात भरपूर होती. दुकानातली बाकीची माणसं छताकडे बघत राहिली. पोराला तेवढ्यावरून कळलं की या प्रश्नाला आपल्या घरात उत्तर नाही.

ते नव्हतंच. नॅन्सी, त्याची आई, ऐन तरुणपणी इंग्लंडात लीड्सला गेली होती, एका मोठ्या खानावळीत बशा धुवायला. परत आली ती पोटात पोर घेऊन, आणि बोटात अंगठी नव्हती. साल एकोणीसशे एकोणसाठ. आजच्या मुलांना हे सांगितलं की ती म्हणतात, मग त्यात काय? त्यात काय ते नॅन्सीला विचारायला हवं होतं. समोरून ती येताना दिसली की बायका दगडी गडग्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या, जणू त्या गडग्यात आयुष्यात पहिल्यांदाच दगड दिसले. फादर दोनदा घरी येऊन गेले. म्हणाले, दूरच्या गावी नन्सचा आश्रम आहे, मुलगी तिकडे जाईल, बाळाला चांगलं घर मिळेल, सगळ्यांचीच सोय होईल. नॅन्सीचा बाप मान डोलावत होता. तिची आई चुलीपाशी बटाटे सोलत बसली होती. हातातली सुरी न थांबवता ती म्हणाली, "माझी मुलगी कुठे जायची नाही. चहा घेता का, फादर?"

फादरनी चहा घेतला नाही. नॅन्सी घरीच राहिली आणि फेब्रुवारीत तिला मुलगा झाला. नॅन्सीच्या बापाने बायकोपुढे हात टेकले, पण एक अट घातली: या पोराला माझं नाव लावायचं नाही. आमच्याकडे पहिल्या नातवाला आज्याचं नाव देतात, त्यावर कधी कुणाला विचार करावा लागत नाही. त्यामुळे बाप्तिस्म्याच्या दिवशी पोराला ना बाप होता, ना आजा, ना नाव.

आणि धर्मपिताही नव्हता. त्या काळी बाळंतीण चर्चमध्ये जात नसे. धर्ममाता आणि धर्मपिता, दोघांनी मूल घेऊन जायचं. धर्ममाता व्हायला नॅन्सीची मावशी पेग तयार झाली. पेग अंगाने आडवी, जीभ धारदार, आणि जन्मात कुठे वेळेवर पोचलेली नव्हती. त्या दिवशी मात्र तिचा उशीर तिच्या दोषाने झाला नाही. ती धर्मपिता शोधत तीन घरं फिरली. एकाची पाठ धरली होती. दुसऱ्याची गाय विणार होती. तिसरा घरात नव्हता, असं त्याच्या बायकोने सांगितलं, पण दाराच्या फटीतून त्याचे बूट दिसत होते आणि बुटांत पाय होते.

"बुटांना माझा नमस्कार सांग," असं म्हणून पेग निघाली. पाऊस पडत होता. कोटाच्या आत बाळ रडत होतं. रस्त्याच्या कडेला बार्टलीची बोटी बांधायची शेड होती.

बार्टली तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. बापाच्या मागे तोच बोटी बांधायचा. काळं डांबरी पोट आणि तांबडी शिडं असलेल्या मोठ्या होड्या, ज्यांना आम्ही हूकर म्हणतो. बोलायला कमी. रॉस मक गावच्या डेलियाशी त्याचं लग्न ठरलेलं होतं, ईस्टरनंतरची तारीखही धरली होती. पेग दारात उभी राहिली तेव्हा तो ओकच्या जाड लाकडावर तासायचा वाकस चालवत होता.

"बार्टली, हातात काम आहे का रे?"

"आहे."

"मग ठेव ते आणि चल. या पोराला धरायला कुणी नाही."

त्याने एकदा पेगच्या कोटाकडे पाहिलं. वाकस खाली ठेवला, टोपी घातली आणि निघाला. तोंडसुद्धा धुतलं नाही. चर्चमध्ये टोपी काढली तेव्हा त्याच्या केसांतून लाकडाचे छिलके फरशीवर पडले.

फादरनी विचारलं, "नाव काय ठेवायचं?" पेगने बार्टलीकडे पाहिलं. नॅन्सीने फक्त एवढंच सांगितलं होतं की कुणाला दुखवणारं नको. बार्टली म्हणाला, "मॅकडारा."

आता आमच्या किनाऱ्याबाहेर हे नाव फारसं ऐकू येत नाही, पण इथे ते प्रत्येकाच्या तोंडी असतं. समोरच्या समुद्रात मॅकडाराचं बेट आहे. संत मॅकडारा त्यावर राहत असे. छोट्या दगडी देवळाएवढी त्याची प्रार्थनेची खोली अजून उभी आहे. त्या बेटावरून जाणारी प्रत्येक बोट आपलं शीड तीनदा झुकवते. घाई असो, वादळ असो, तीनदा म्हणजे तीनदा. नमस्कारच तो. ज्यांनी केला नाही त्यांच्या गोष्टी आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि एकाचाही शेवट कोरड्या जमिनीवर होत नाही.

आणि अर्थ म्हणाल तर मॅक म्हणजे मुलगा, डारा म्हणजे ओकचं झाड. ओकचा मुलगा. जुनी माणसं सांगतात की हे त्या संताचं स्वतःचं नाव नव्हेच. त्याचं खरं नाव सिनाख. पण ते मागे पडलं आणि तो नुसता डाराचा मुलगा म्हणून राहिला. लोकांना बाप कळला, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. आमची खोड जुनीच आहे म्हणायची.

"मॅकडारा," फादर म्हणाले. "बरं. आणि कुणाचा म्हणून सांगायचं?"

"नावातच आहे, फादर," बार्टली म्हणाला. "ओकचा. तुमच्या संताला चाललं, मग याला का चालू नये?"

फादरनी पाणी ओतलं. जरा जास्तच ओतलं, असं पेग मरेपर्यंत सांगायची.

गंमत अशी की आमच्याकडे ओकचं झाड नाही. कुठलंच झाड धड नाही. वारा काही उभं राहू देत नाही, उरतात ते दगड. ओक येतो तो दूरच्या जंगलातून लॉरीवर लादून, बार्टलीच्या शेडमध्ये. पुढे कितीतरी वर्षांनी कुणी बार्टलीला विचारलं की हे नाव तुला सुचलं तरी कसं, तेव्हा तो म्हणाला, "सकाळपासून ओकच तासत होतो. दुसरं काय सुचणार? मी बीट सोलत असतो तर पोराचं काही खरं नव्हतं."

शाळेत मुलांनी अर्थ लगेच शोधून काढला. "ए झाडाच्या पोरा, पानं कधी फुटणार?" "पाणी घातलं का रे तुझ्या बापाला?" मॅकडारा सात वर्षांचा असताना एकदा रडत पळाला तो घरी गेलाच नाही. थेट शेडमध्ये गेला. बार्टलीने त्याला एका अर्धवट बोटीजवळ उभं केलं. फळ्या अजून बसल्या नव्हत्या, नुसता सांगाडा होता.

"हे काय आहे?"

"लाकूड," मॅकडारा नाक पुसत म्हणाला.

"कसलं?"

"ओकचं."

"फळ्या कुजतात, बदलाव्या लागतात. शीड फाटतं. डोलकाठी मोडते. या बरगड्या नाही बदलत कुणी. ह्या गेल्या की बोटच गेली." त्याने पोराचा हात धरून लाकडावर ठेवला. "उद्या कुणी विचारलं, कुणाचा रे तू, तर नाव सांगायचं आणि गप्प राहायचं. उत्तर देऊन झालेलं असतं. कळलं? आता तो खिळ्यांचा डबा दे इकडे."

बार्टली आयुष्यात एका दमात एवढं क्वचितच बोलला असेल. मॅकडाराने दुसऱ्या दिवशी शाळेत नाव सांगितलं आणि गप्प राहिला. आणखी दोन वेळा मार खाल्ला, एकदा दिला, आणि विषय हळूहळू थंड झाला.

तो काही बोटी बांधणारा झाला नाही. हात त्या कामाचा नव्हता. बार्टलीने ते तोंडावर सांगितलं: "तुझ्या हातात लाकूड रडतं, पोरा." काही वर्षं तो इंग्लंडात इमारतींवर राबला, मग परत आला. ऊना नावाच्या मुलीशी लग्न केलं, समुद्रात शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, धरायचे पिंजरे टाकू लागला आणि सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवू लागला. बसमध्ये नवीन मूल चढलं की तो विचारतो, "नाव काय तुझं?" बापाचं विचारत नाही. मुलांना वाटतं, या माणसाला रीतच ठाऊक नाही.

नॅन्सीने लग्न केलं नाही. समुद्रशेवाळाच्या कारखान्यात कामाला जात राहिली. दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर ती लोकरीच्या मोज्यांचा एक जोड विणायची आणि शेडच्या कडीला अडकवून यायची. चिठ्ठी नाही, निरोप नाही. बार्टलीही कधी त्याबद्दल बोलला नाही, पण पाय कधी दुसऱ्या मोज्यांत दिसले नाहीत. ती गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात तो जुनेच मोजे रफू करून घालत होता. रफू त्याने स्वतः केलं होतं, शिडाच्या जाड दोऱ्याने. मॅकडाराने ते पाहिलं आणि बाहेर येऊन बराच वेळ बसमध्ये बसून राहिला.

मोज्यांमागचं खरं कारण त्याला तेव्हाही माहीत नव्हतं. ते कळलं गेल्या वर्षी, डेलिया आली तेव्हा.

ऐंशी पार केलेली, टवटवीत, लाल कोट घातलेली बाई भाड्याच्या गाडीतून दारात उतरली आणि ऊनाला म्हणाली, "मी बॉस्टनहून आलेय. मला ते बाळ बघायचंय."

"कुठलं बाळ?"

"ज्याच्यापायी माझा नवरा गेला ते."

ऊनाने घाबरून मॅकडाराला हाक मारली. साठ वर्षांचा मॅकडारा रबरी बूट घालून, हातात पिंजऱ्याचं जाळं घेऊन आला. डेलियाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पोट जरा सुटलंय," ती म्हणाली. "पण ठीक आहे. चांगलं बाळ आहे."

मग चहा झाला, सोडा ब्रेड आणि लोणी झालं. तिने सगळं सांगितलं. कुरकुर नाही, रडणं नाही. अमेरिकेत तिला चांगला नवरा मिळाला होता, पाच मुलं झाली होती, नवऱ्याला जाऊन दहा वर्षं झाली होती.

"तुझ्या बाप्तिस्म्यानंतर आठवड्याभरात आमच्या गावात बोभाटा. बार्टलीच धर्मपिता झाला, म्हणजे पोर त्याचंच. माझा भाऊ त्याच्या शेडवर गेला. म्हणाला, 'एक शब्द बोल. पोर माझं नाही म्हण, लग्न ठरल्याप्रमाणे होईल.' भावाचा त्याच्यावर विश्वास होता, बरं का. माझाही होता. तो फक्त तेवढा एक शब्द मागत होता."

"मग?"

"बार्टली म्हणाला, 'ते पोर नॅन्सीच्या आईच्या घरात आहे, आणि गावात दुसरं कुणी ते आपलं म्हणत नाही. मीपण माझं नाही असं चारचौघांत म्हटलं, तर त्याचं उरलं कोण?' भावाने खूप समजावलं. तो वाकस चालवत राहिला." डेलियाने कप खाली ठेवला. "मी महिनाभर रडले. मग जहाजात बसले. पण तुला सांगते, मॅकडारा, माझ्या पोरांना मी कधी रागवायला बसले की हेच सांगायचे: एका माणसाने एका शब्दापायी मला सोडलं, आणि तो शब्द त्याने उच्चारलाही नाही. त्याच्यावर मला रागावताच आलं नाही. फार प्रयत्न केला मी."

मॅकडारा तिला गाडीपर्यंत सोडायला गेला. ती बार्टलीला भेटणार होती का? "काल भेटले," ती म्हणाली. "तो म्हणाला, 'डेलिया, तू म्हातारी झालीस.' मी म्हटलं, 'तू आधीपासूनच होतास.' छान दुपार गेली आमची."

त्या दिवसापासून मॅकडाराला एकच ध्यास लागला. हा माणूस सत्त्याऐंशीचा झालाय. छातीचं दुखणं आहे, दोन काठ्यांवर चालतो. तो जायच्या आत त्याला 'तू माझ्यासाठी काय केलंस ते मला कळलं' एवढं सांगायचं. उपकार फेडता येणार नव्हतेच, निदान तोंडाने कबूल तरी करायचे होते.

पण आमच्याकडे तोंडावर आभार मानणं फार कठीण. ज्याचे मानायचे त्याला ते शिवी दिल्यासारखं लागतं. मॅकडारा व्हिस्कीची चांगली बाटली घेऊन गेला. बार्टलीने बाटली बघून विचारलं, "कोण मेलं?"

"कुणी नाही. तुझ्यासाठीच आणली."

"मग मी मरायला टेकलोय असं डॉक्टर तुला म्हणाला का?"

दुसऱ्यांदा त्याने वेगळी वाट धरली. सहज बोलता बोलता म्हणाला, "डेलिया आली होती घरी. तिने मला सगळं—"

"ती लहानपणापासून फार बोलायची," बार्टली म्हणाला. "माझी सुटका झाली. ती खिडकी लाव, वारा येतोय."

ख्रिसमसला त्याने मुलीला पाठवून पाहिलं. सोरखा धिटाईची पोरगी. ती म्हणाली, "बार्टली, बाबाला तुला काहीतरी सांगायचंय आणि त्याला जमत नाहीये." बार्टली म्हणाला, "जमत नसलेलं काम करू नये. लाकूड रडतं." सोरखा हसत हसत परत आली आणि मॅकडाराला रात्रीचं जेवण गेलं नाही.

सोळा जुलैला संत मॅकडाराचा सण असतो. सगळा किनारा बोटींतून बेटावर जातो, तिथे उघड्यावर मिस्साची प्रार्थना होते, माणसं पिकनिक करतात, आणि दुपारी किनाऱ्याजवळ हूकरांची शर्यत असते. मॅकडाराची बोट बार्टलीने बांधलेली शेवटची बोट. नाव 'पेग'. सुंदर बोट, मजबूत बोट, आणि जिच्या नावाची तिच्यासारखीच: शर्यतीत वेळेवर कधी पोचली नाही. दर वर्षी चौथी नाही तर पाचवी. बार्टली आपल्या अंगणाच्या गडग्यावर बसून बघायचा. शर्यतीचा शेवटचा टप्पा त्या गडग्याखालूनच जातो, पुढे थोड्या अंतरावर धक्का, तिथे शेवट. बोट खालून गेली की तो ओरडायचा, "तिला धक्का मारा, पाय आहेत का नाही तुम्हांला?"

यंदा सणाच्या सकाळी बेटाजवळून जाताना मॅकडाराने नेहमीसारखं शीड तीनदा झुकवलं. दोर सैल, शीड खाली, दोर ओढ, शीड वर. तिसऱ्यांदा दोर ओढताना ते एकदम त्याच्या मनात आलं, आणि त्याने फक्त सोरखाला सांगितलं. ती डोळे मोठे करून म्हणाली, "संताशिवाय कुणाला केलंय का कधी कुणी?"

"नाही."

"मग फादर बोलतील."

"बोलू देत. सवय आहे मला."

ठरलं ते असं की शर्यतीत बार्टलीच्या गडग्याखालून जाताना करायचं. 'पेग' पाचवी येणार, तिच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष नसणार, फक्त म्हातारा बघत असणार. पण त्या दिवशी वाऱ्याने वेगळंच ठरवलं होतं. दुसऱ्या वळणावर तो अचानक फिरला, पुढच्या तिन्ही बोटी एकमेकींच्या वाऱ्यात अडकल्या, आणि 'पेग' मोकळ्या पाण्यातून निघाली ती सगळ्यांच्या पुढे. शेजारचे दोघे भाऊ, जे दोर सांभाळायला बोटीत होते, ते वेड्यासारखे ओरडायला लागले. मागे फेस्टीची बोट होती, नऊ वर्षं जिंकलेली. धक्क्यावर माणसं उभी राहून हात हलवत होती. 'पेग' पहिली येणार हे कुणाला खरंच वाटत नव्हतं.

सोरखा सुकाण्याशी आली. "बाबा. अजून करायचंय?"

मॅकडाराने गडग्याकडे पाहिलं. बार्टली उभा होता. दोन काठ्यांशिवाय न हलणारा माणूस एका काठीवर उभा होता आणि दुसरी हवेत फिरवत होता. त्याने बांधलेली बोट पहिल्यांदा जिंकत होती. जिंकून दाखवलं तर म्हाताऱ्याला आनंद होईल, खूप होईल. पण तो म्हणेल, वारा चांगला होता. आणि पुढच्या वर्षी हा गडगा रिकामा असला तर?

"करायचंय," तो म्हणाला.

शीड हातभर खाली आलं. बोट एकदम मंदावली. दोघे भाऊ किंचाळले, "काय झालं? दोर तुटला का?" गडग्यावरून बार्टलीचा आवाज आला: "दोर बघा! वरचा दोर! गाढवांनो, सोडला कुणी तो?" सोरखाने ओढलं, शीड वर गेलं. मॅकडाराने पुन्हा खूण केली. शीड पुन्हा खाली आलं. फेस्टीची बोट बाजूने सळसळत पुढे गेली. त्यातली माणसं तोंड उघडं टाकून बघत होती. बार्टलीचा आवाज थांबला.

तिसऱ्यांदा शीड खाली आलं तेव्हा सगळ्या धक्क्याला कळलं होतं. तो ओक तासणारा हात, ते पोर, ते नाव, जुन्या माणसांना सगळं ठाऊक होतं, फक्त कुणी बोललेलं नव्हतं. मॅकडारा सुकाणू धरून गडग्याकडे बघत राहिला. बार्टलीने काठी गडग्याला टेकवली आणि हळूच टोपी काढली. ती टोपी फक्त चर्चमध्ये आणि त्या बेटावर निघायची. त्याचं पांढरं टक्कल मॅकडाराने बेटाबाहेर उघड्या उन्हात यापूर्वी पाहिलंच नव्हतं. म्हातारा टोपी छातीशी धरून उभा होता, बोट पुढे जाईपर्यंत.

'पेग' चौथी आली.

धक्क्यावर शर्यतीचा पंच होता, आरन बेटावरचा एक रागीट म्हातारा, ज्याला आमच्या गावाचं काही माहीत नव्हतं. तो लाल होऊन ओरडत होता. "पन्नास वर्षं शर्यती बघतोय मी! वारा मागून, बोट पुढे, आणि हा शीड खाली करतो! कोण आहे हा वेडा? कुणाचा आहे हा?"

कुणीतरी खोकलं. मॅकडारा बोटीत वाकून दोर गुंडाळत होता. लहानपणी त्या दुकानात होता तसाच तो खाली बघत राहिला. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. दोन काठ्या टेकत, धापा टाकत बार्टली धक्क्यावर आला होता. तो पंचासमोर जाऊन उभा राहिला.

"माझा आहे," तो म्हणाला. "बोल. काय म्हणायचंय तुला?"

मॅकडाराने दोर सोडून दिला. त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. तो धक्क्यावर चढला आणि म्हाताऱ्याच्या बाजूला, त्याच्या काठीच्या जागी, आपला हात देऊन उभा राहिला. बार्टलीने सगळा भार त्या हातावर टाकला.

"पहिला आला असतास," तो म्हणाला.

"हो."

"शीड उतरवायला उशीर झाला तुझा. आधी दोर सैल करायचा, मग खूण करायची. कितीदा सांगितलंय." मग टोपी नीट बसवत त्याने गर्दीकडे पाहिलं. "आता इथे आम्हां दोघांना कुणी चहा देणार आहे का?"